ट्रायडची अकरा पानं

४ मार्च
कोशात ‘ट्रायड’ हा शब्द माझ्या वाट्याला आला. लोकांना वाटतं, तिघांचा गट, संपला अर्थ. संपला? अरे, इथून तर सुरुवात होते! संकल्प: नोंद अशी लिहायची की पुढच्या पिढ्यांनी कोश त्याच पानावर उघडावा.

५ मार्च
संगीतात ट्रायड म्हणजे एकदम वाजवलेले तीन स्वर. रसायनशास्त्रात एकमेकांसारखी वागणारी तीन मूलद्रव्यं. वैद्यकात तीन लक्षणं, तिन्ही एकत्र दिसली की डॉक्टर रोगाचं नाव घेतो. सैन्यात जमीन, समुद्र, आकाश, तिन्हीकडून अणुबॉम्ब टाकायची सोय. सूर लावायला तीन आणि जग जाळायलाही तीनच! हे वाक्य नोंदीत घातलं. कात्री कापणारच.

कात्री म्हणजे आमचे दुसरे संपादक. खरं नाव मी या पानावर येऊ देणार नाही. आमच्याकडे प्रत्येक कागद तिघांच्या हाताखालून जातो. मी लिहितो, ते कापतात, तिसऱ्या संपादक, म्हणजे बाई, वाचून पास करतात. वाद झाला तर हात वर करायचे, दोन हात जिंकले. आजवर ते दोन हात निव्वळ योगायोगाने त्या दोघांचेच निघाले.

८ मार्च, दुपार
‘जग जाळायलाही’ गेलं. हा कोश आहे, सभा नाही, असं कात्री म्हणाले. मी उभा राहून सत्याची बाजू मांडली. सगळी मांडली. मध्येच बाई म्हणाल्या, वक्ते, बसा आता, चहा निवतोय. हात वर झाले. दोन.
हरकत नाही. साहेब या महिन्यात रिटायर होतायत. प्रमुखाच्या खुर्चीत बसलो की पहिला हुकूम: कात्रींचं लाल पेन जप्त.

११ मार्च
साहेबांनी निवडीची पद्धत सांगितली. तिघांनी चिठ्ठीवर एकेक नाव लिहायचं, स्वतःचं सोडून. ज्याला दोन मतं, तो प्रमुख. प्रत्येकाला एकेक पडलं तर साहेब ठरवणार.
माझं गणित सरळ आहे. बाई आणि कात्री यांचं पंख्यावरून रोज वाजतं. बाईंना गरम होतं, कात्री मफलर गुंडाळून बसतात. एकमेकांना मत देणं शक्यच नाही. मग उरतो कोण?
प्रश्न फक्त माझ्या मताचा. बाईंना दिलं आणि कात्री ऐनवेळी विरघळले तर पंचाईत. कात्रींना द्यावं. बाई विरघळणं अशक्य, म्हणजे माझं मत सुखरूप वाया जाईल. शिवाय मनाचा मोठेपणा दिसेल. राजकारण यालाच म्हणतात.

१२ मार्च
ताईला सांगितलं. ताई, माझी थोरली बहीण, माझ्याकडे राहते. तिच्या मते मी तिच्याकडे राहतो. म्हणाली, अरे, त्या दोघांना एकदा विचार तरी. मी म्हणालो, मी मतांची भीक मागत नसतो. ती म्हणाली, भीक नको मागूस रे बाबा, त्यांना काही बोलायचं असेल तर तेवढं बोलू दे. तिला वाचनाची सवय नाही.
आज समाजशास्त्रातला अर्थ लिहिला: तिघांच्या गटात बहुधा दोघं एक होतात आणि तिसरा एकटा पडतो. खूप विचार केला, उदाहरण सुचेना. जागा कोरी सोडली.

१५ मार्च
गुन्हेगारांच्या गुप्त टोळीलाही ट्रायड म्हणतात. इथे लेखणी पेटली. अकरा पानं झाली. प्रमुख झाल्यावर स्वतःच पास करीन.

१८ मार्च
साहेबांनी चिठ्ठ्या उघडल्या. बाई एक. कात्री दोन. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. घेण्यासारखं काही नव्हतं.
बाईंनी कात्रींना दिलं. कात्रींनी बाईंना. आणि कात्रींना दुसरं... लिहवत नाही.
कात्रींनी माझा हात धरला, सोडेनात. म्हणाले, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती हो. डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणालो, मी नेहमीच गुणांची कदर करत आलोय.

१९ मार्च
बाईंना गाठलं. म्हटलं, मग पंख्याचं काय? त्या म्हणाल्या, अहो, ते भांडतात, पण भांडता भांडता ऐकतात तरी. तुम्ही खुर्चीत बसला असता तर मला नोकरीभर श्रोता व्हावं लागलं असतं. आणि हसल्या. असल्या माणसांच्या हाती भाषा सोपवून हा समाज झोपतो!

२१ मार्च
नोंद परत आली. अकरा पानांतल्या चार ओळी उरल्यात. कोऱ्या जागेपाशी लाल पेनाने लिहिलंय: उदाहरण नको, कळतं.

२२ मार्च, सकाळ
बस्स. राजीनामा! सात पानं, एका बैठकीत, आणि थेट प्रमुखांच्या टेबलावर. बहुमताचा जुलूम, शब्दांची कत्तल, माझा त्याग. अंगावर काटा आला, माझ्याच. उद्या दोघं दाराशी येतील, विनवण्या करतील. दोन दिवस तरी मानायचं नाही. ताईला सांगून ठेवलं, आले तर पटकन आत घेऊ नकोस. ती म्हणाली, आले तर ना.

२३ मार्च
आले नाहीत. रविवार आहे.

२४ मार्च
राजीनामा परत आला. सहा पानांवर आडवी रेघ. सातव्यावर एक वाक्य ठेवलंय: मी नोकरी सोडत आहे. खाली बाईंची सही: वाचलं, ठीक. त्याखाली प्रमुखांची: मंजूर.
कागद पक्का व्हायला तिघांच्या सह्या लागतात. माझी आधीच होती.