दिव्याभोवतीचं कडं

अण्णा,

चष्मा लावणाऱ्याचे डोळे कुणी बघत नाही, त्याच्या काचेतली ट्यूबलाइट बघतात. आपणा चष्मेवाल्यांची ही जुनी तक्रार, आणि नवी पेठेतल्या दुकानात तुम्ही आयुष्यभर तीच मिटवत बसलात. चमक मारणाऱ्या लेपाची काच नवीन आली तेव्हा एका गिऱ्हाइकाने चष्मा उजेडात धरून विचारलं होतं, "अण्णा, काच बसवायची राहिली की हो!" तुम्ही म्हणालात, "बोट लावू नका, डाग लगेच दिसंल." त्या संध्याकाळी गच्चीवर तुम्ही मला आईबरोबर चादर झटकायला लावलीत. दोघांनी एकदम हात वर नेले की चादरीत मोठी लाट उठते. एकाने वर, दुसऱ्याने खाली नेले की मधोमध ती सपाट. काचेवरचा लेप असाच, तुम्ही सांगितलंत. केसाहून कितीतरी पातळ थर. थोडा उजेड त्याच्या वरून परततो, थोडा खालच्या काचेवरून, आणि जाडी नेमकी असली की या दोन लाटा एकमेकींना मिटवतात. चमक जाते, जास्त उजेड आरपार पोचतो. सगळेच रंग मिटत नाहीत, म्हणून काच तिरपी धरली की हिरवट झाक उरते. कॅमेऱ्यात हेच, दुर्बिणीत हेच, डोळ्याचं ऑपरेशन ज्यातून बघून करतात त्या यंत्रातही हेच. आणि वेगळ्या जाडीचे थरांवर थर दिले, तर लाटा एकमेकींना साथ देतात आणि साध्या काचेचा लख्ख आरसा होतो.

परवा मी भाषणाला उभा होतो, मैदान भरलेलं, आणि खांबावरच्या दिव्याभोवती रंगीत कडं. मी शब्द विसरलो. लोकांना वाटलं, रागाने थांबलो. त्यांनी टाळ्या वाजवल्या. हे पहिल्यांदा नव्हतं. सोलापूरचं ऊन, गाडीत राहिलेला चष्मा, लेपाला तडे गेले असणार, असं म्हणून मी आधीच दोनदा काचा बदलल्या होत्या. दुसऱ्या वेळी दुकानदार म्हणाला, "साहेब, काच कोरी हाय. तिच्यात काय बी न्हाय." मी त्याच्यावरच गरजलो.

तुम्हालाही असंच कडं दिसायचं, आणि तुम्हीही लेपालाच दोष दिला होता. स्वतःच्या दुकानात स्वतःच्याच काचा बदलत राहिलात आणि दवाखान्यात पोचेपर्यंत काचबिंदूने बरीच नजर नेली होती. शेवटच्या वर्षी बोटांनी काच चाचपत तुम्ही मला म्हणालात, "चष्मा काढून दिव्याकडं बघायचं. कडं गेलं तर दोष काचेचा. राहिलं तर डोळ्याचा. मला एवढं ठावं होतं रे, पण मी काढलाच न्हाय."

आज तिन्हीसांजेला मी काढला, अण्णा. दिवा धूसर झाला, फुगला. कडं तिथंच होतं.

कदाचित साधा मोतीबिंदू असेल. ते डॉक्टर सांगतील. 'भिऊ नका' असं हजारो लोकांना ओरडून सांगणारा मी, नाव नोंदवायला फोन उचलतो आणि खाली ठेवतो. हा कागद चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवतोय. तुम्हाला कुठे पाठवणार? मला एकट्याने जायची भीती वाटते, एवढंच कबूल करायचं होतं. उद्या सकाळी दवाखान्याच्या दारापर्यंत माझ्याबरोबर चला.