नजर कुठं बसवायची

४ जानेवारी

आज यांना ठसका लागला. जीवच गेला असता! लकव्यानं बोलणं गेलं तेव्हापासून आमचं ठरलंय — पापणी एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नको. विचारलं, पेज देऊ? मला वाटलं एकदाच मिटली. चमचा घातला. दोनदा मिटली होती म्हणे. सून धावली, पाठ चोळली. "आई, आता मीच भरवत जाईन." भरव ना! सकाळी तू शाळेत शिकवायला गेलीस की मग कोण, तुझा बाप?

६ जानेवारी

शनवारा चौकात डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलो. डावा डोळा लहानपणीच गेलेला, उजव्यात मोतीबिंदू. तो काढून आत भिंग बसवणार. म्हणाला, "आजी, फोकस कुठला ठेवू? दूरचा की जवळचा?"

ही काय भानगड?

तर म्हणे, जेवढ्या अंतरावर साफ दिसतं तो फोकस. भिंग आत एका जागी बसतं, मागंपुढं होत नाही. म्हणून अंतर एकच. बाकीच्याला चष्मा.

पोरगा भूपेंद्र मध्येच — "दूरचाच ठेवा. सब लोग दूरचाच ठेवतात. आईला रस्त्यावरची गाडी दिसत नाही."

गाडीला मी दिसते ना? बस झालं!

७ जानेवारी

घरात भांडण. भूपेंद्र म्हणतो, जवळचं चष्म्यानं दिसेल की. पेजेची वाफ लागली की चष्मा पांढरा होतो, हे त्याला काय माहीत! बापाला एक चमचा तरी भरवलाय का कधी?

विचारलं तसं. मोबाइल घेऊन बाहेर गेला.

८ जानेवारी

लिहिताना ओळी एकमेकींवर चढतात. चढू दे. पॉवरलूमचं सूत घेतलं, भरवायला बसते तशी बसले. यांच्या पापणीपासून माझ्या डोळ्यापर्यंत धरलं, गाठ मारली. नात भूमिका हसते — "आजी, आजोबांना ब्लाउज शिवतेस क्या?"

१० जानेवारी

डॉक्टरला सूत दिलं. एवढ्यावर बसवा. आधी हसला, मग पट्टीनं मोजलं. "बरोबर गाठीवरच येईल असं नाही, थोडं इकडंतिकडं होईल." म्हटलं, थोडं चालेल. पुन्हा ठसका नाही चालायचा.

१७ जानेवारी

आज ऑपरेशन. भीतीबिती नाही.

१९ जानेवारी

डोळ्यावरची पट्टी निघाली. यांच्यापाशी बसले. पापणीचा एकेक केस दिसतो!

पेज देऊ? एकदा मिटली.

चमचा पुढं नेला. बुबुळ हललं नाही. डावीकडं नेला, उजवीकडं नेला — बुबुळ जिथल्या तिथं.

चमचा खाली ठेवला. विचारलं, मी दिसते का?

दोनदा मिटली.

आजवर कुणी विचारलंच नव्हतं.