साक्षीदाराच्या नावाची जागा

बाबा,

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला काही लिहिलं नाही. आज बसले आहे ती एका अहवालामुळे. उद्या दुपारपर्यंत तो साहेबांच्या टेबलावर हवा आहे. सगळा लिहून झाला आहे, फक्त एका ओळीत एका म्हाताऱ्याचं नाव घालायचं की नाही एवढंच उरलं आहे. सकाळपासून तीनदा टाक दौतीत बुडवला आणि तीनदा नीबवरची शाई वाळू दिली. टाक तुमचाच आहे, चौथीची परीक्षा घरी बसून पास झाले तेव्हा तुम्ही दिलेला. दांडी तुमच्या बोटांनी जिथे झिजवली तिथे माझी बोटं बसत नाहीत, थोडी वर बसतात.

मी काय काम करते ते तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. आता आपलं राज्य मराठी झालं आहे, नागपूरऐवजी मुंबईला कागद जातात, जिल्हा परिषद आली आहे. जिथे तंटा झाला, डोकी फुटली, पोलीस बसवावे लागले, अशा गावी मला पाठवतात. दोन्हीकडच्या लोकांशी बोलायचं, बायकांशी जास्त, आणि गाव पुन्हा एकत्र नांदायचं तर काय करावं ते साहेबांना लिहून द्यायचं. नेमणुकीच्या कागदावर ‘सल्लागार’ असा शब्द आहे. आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापायची थांबली. म्हणाली, “भांडणं सोडवाचा पगार देते सरकार? मंग मले काऊन नाही देल्ला इतके वर्षं?”

तिच्याच चुलीसमोर तुम्ही मला शिकवलंत. सकाळी तुम्ही चिखलीच्या तहसील कचेरीत लोकांचे अर्ज लिहायला जायच्या आधीचा तो तास. ती भाकरी थापते, तुम्ही पाटावर बसलेले, माझ्या मांडीवर पाटी. बोलणं सगळं आपलं वऱ्हाडी आणि पाटीवर मात्र कचेरीची मराठी. आई म्हणायची, पोरीले वकील कराचं हाय का? तुम्ही म्हणायचात, “वकील नाही. नीट लिहिणारी.” नऊ वर्षांची झाल्यावर तुम्ही मला कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली, तुमच्या सतरंजीवर शेजारी बसवू लागलात. एकदा एका बाईचा अर्ज मी लिहिला. ती म्हणाली होती, मले लई तरास हाये. मी लिहिलं, ‘मी अत्यंत दुःखी व कष्टी असून’. तुम्ही वाचलंत आणि तिच्यासमोरच विचारलंत, “हे बाईनं म्हटलं?” मी मान हलवली, नाही. “मंग हे कोन दुःखी हाये? तू?” बाई हसली. तुम्ही हसला नाहीत. कागद फाडलात, नवा दिलात आणि म्हणालात, “ज्याचा शब्द त्याच्या नावावर लिवावं. आपला घुसडू नाही. लिवून झालं का वाचून दाखवावं, मंगच अंगठा घ्यावा.” ते मी कधी विसरले नाही. कामाला लागल्यापासून एक वाक्यही मी ज्याचं त्याच्या नावावर लिहिल्याशिवाय सोडलं नव्हतं. जपून वागते असं सगळे म्हणतात. मला वाटायचं की मी फक्त तुमचं ऐकते आहे.

गेल्या साली मला संग्रामपूरकडच्या एका गावी पाठवलं. गावातल्या बौद्ध वस्तीने दीक्षा घेतल्यापासून मेलेली जनावरं ओढायचं सोडलं होतं. काही वर्षं कुरबुर चालली, मग गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्याचा बैल मेला आणि दोन दिवस गोठ्यासमोर पडून राहिला. दगडफेक झाली. आठ दिवस पोलीस होते. पोलीस गेले आणि दुसऱ्या सकाळपासून वस्तीतल्या बायकांच्या टोपल्या चक्कीवरून परत यायला लागल्या. गावात इंजिनाची एकच चक्की, तीही त्याच शेतकऱ्याच्या जागेत. चक्कीवाला म्हणे, पट्टा तुटला आहे. पण चक्कीचा पुक्‌-पुक्‌ आवाज दिवसभर वस्तीत ऐकू येत होता. वस्तीने माळ्यावरची दगडी जाती दळायला खाली काढली होती.

मी दोन्हीकडे गेले. दोन्हीकडे एकेकच कप चहा घेतला. एकीकडे दुसरा कप आग्रहाने दिला तर मी कपावर हात ठेवायचे, पक्षपात होईल म्हणून. मोठा शेतकरी फार अदबीने बोलला. मी कोणालाही मनाई केली नाही म्हणाला. वस्तीत कोणीच काही सांगेना. शेवटी एका घरी एक बाई जात्यावर बसली होती, माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल. तिचा नवरा त्याच शेतकऱ्याकडे सालदार होता. साल पुरं व्हायचं होतं म्हणून अजून कामावर जात होता. तिने खुंटा सोडला नाही. म्हणाली, “बाई, तुमी खरंच लिवता का निसती पेन्सिल हालवता?” मी म्हटलं, खरंच लिहिते. “मंग लिवा. माह्या देखत मालकानं चक्कीवाल्याले म्हटलं, या लोकायचं दळलं तर आपलं इंजन उचलून नेजो. आम्ही सात-आठ बाया होतो रांगेत, दोन्हीकडच्या. साऱ्यायनं आयकलं. पन इचारा एखादीले. म्हनन, इंजनच्या आवाजात मले काही आयकू नाही आलं.”

मी विचारलं, तुमचं नाव लिहू का? आतून तिची सासू म्हणाली, “अवो, नाव कायले?” ती म्हणाली, “काऊन? चोरी केली का म्या? लिवा बाई, पुरं लिवा. नवऱ्याचंबी लिवा. आन धर्माच्या जागी बौद्ध लिवा, ठसठशीत.” मी लिहिलं. वाचून दाखवलं. अंगठा तिने इतका दाबला की खालच्या पानावर उमटला. परत जाताना मी खूश होते, हे तुम्हाला सांगितलं पाहिजे. इतका स्वच्छ जबाब मला आजवर मिळाला नव्हता.

अहवालाची एक नक्कल माहितीसाठी ग्रामपंचायतीकडे गेली. तशी पद्धत आहे, मला ठाऊक होती. पंचायतीच्या सेक्रेटरीने तो चावडीवर उभं राहून सगळा वाचला. मलाही बोलावलं होतं, मी खुर्चीवर बसले होते. मोठा शेतकरी समोर बाकावर, वस्तीतले लोक पायऱ्यांवर. वाचता वाचता सेक्रेटरी त्या ओळीशी आला आणि अडखळला. तिचं नाव त्याला माझ्या अक्षरात लागेना. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. आणि मी, बाबा, खुर्चीवरून ते नाव त्याला सांगितलं. स्पष्ट, तिचं, मग तिच्या नवऱ्याचं. अक्षर माझं होतं आणि चुकीचं वाचलं जाऊ नये असं मला वाटलं. पायऱ्यांवर एक माणूस होता, त्याने हातातली टोपी घडी करून खिशात घातली. तो तिचा नवरा होता.

शेतकरी उठून म्हणाला, “बरं लिवलं, बाई. कोन काय बोलते ते गावाले कळलं पाह्यजे. चक्की उद्यापासून साऱ्यायची.” आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं दळण निघालं. सालदाराला एवढंच सांगितलं की उद्यापासून येऊ नको. कोणी कोणाला हात लावला नाही. दुसऱ्या कोणी त्याला कामावर घेतलं नाही आणि तसा नियमही कोणी केला नव्हता. मला हे सव्वा महिन्याने कळलं, पुढचा अहवाल लिहायला गेले तेव्हा.

त्या दिवशी आधी चक्कीवर गेले. दोन्हीकडच्या बायका एका रांगेत, टोपल्याला टोपली लागलेली. एकजण म्हणाली, आता साऱ्यायचं दळते, तुमचे उपकार. मी त्या बाईबद्दल विचारलं. “गेली.” कुठे? तिने माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे पाहिलं आणि म्हणाली, “इंजनच्या आवाजात काही आयकू येत नाही, बाई.” मागच्या दोघी हसल्या, मग टोपल्या पुढे सरकवल्या. मी वस्तीत गेले. तिच्या दाराच्या कड्या सुतळीने बांधल्या होत्या. आतलं सगळं नेलं होतं, फक्त जातं ओसरीवर राहिलं होतं, जड म्हणून. शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितलं, खामगावकडे गेले, भावाकडे. सासूले जाचं नव्हतं, तिले दोघायनं धरून गाडीत बसवलं.

मला तेव्हा काही वाटलं नाही. लिहिते आहे ते खरं लिहिते. रडू आलं नाही, छातीत काही झालं नाही. जात्याच्या खळग्यात मूठभर ज्वारी अडकली होती, ती मी पाहत राहिले. परत येताना मोटारीत खिडकीजवळची जागा मिळाली आणि त्याचं मला बरं वाटलं. खोलीवर येऊन खिचडी केली, खाल्ली, भांडी घासली. अहवालात लिहिलं, ‘चक्की सर्वांसाठी सुरू आहे. एक कुटुंब बाहेरगावी गेले आहे.’ साहेबांनी पहिल्या वाक्याखाली रेघ मारली. समेट कसा करावा याचा हा नमुना म्हणून माझा आधीचा अहवाल दुसऱ्या गावांतल्या कामासाठी उतरवून काढला. नक्कल करणाऱ्या कारकुनाने तिचं नावही उतरवलं. सुबक अक्षर आहे त्याचं. तेव्हापासून मी तशीच आहे. कोणी विचारलं तर उत्तर देते, वेळेवर जाते. आई म्हणते, “तुह्यं काही दुखून राह्यलं का?” मी शोधते, कुठे दुखतं आहे का. सापडत नाही.

आता पिंपळगाव राजाजवळचं एक गाव आहे. भांडण वेगळं आहे, माणसं वेगळी. कडब्याची गंजी पेटली, दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवतात. एका म्हाताऱ्याने मला सांगितलं की त्याने पेटवणाऱ्याला पाहिलं. तो नाव लिवा म्हणाला नाही, नको लिवू असंही म्हणाला नाही. माझा कागद पालथा होता, पेन्सिल पिशवीत होती. त्याचं वाक्य मी लिहिलं आहे. पुढे ‘असे सांगणारा’ आणि मग मोकळी जागा. साहेब विचारतील, नाव कुठे आहे? मोकळी जागा ठेवायची म्हणजे तुमचा शब्द मोडायचा, असं मी सकाळपासून धरून बसले होते. नीबवरची शाई तिसऱ्यांदा वाळली आणि मला तो अमडापूरचा माणूस आठवला.

मी अकरा वर्षांची आहे. लिंबाखाली तुमच्याजवळ बसले आहे. अमडापूरचा एक माणूस आला आहे, त्याची गाडीवाट गावातल्या कोणा मोठ्या माणसाने काट्या टाकून बंद केली आहे. काट्या टाकताना मेंढ्या चारणाऱ्या एका मेंढक्याने पाहिलं. त्या माणसाने तुम्हाला मेंढक्याचं नाव सांगितलं, त्याच्या बापाचं, गावाचं. तुम्ही ऐकलंत. ‘साक्षीदार’ असं लिहिलंत आणि पुढे बोटभर जागा सोडलीत. मी म्हटलं, बाबा, नाव राह्यलं. तुम्ही वर न बघता म्हणालात, “राहू दे.” काऊन, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, “तो इतं नाही बसला.” आणि अर्जाला लावायचं तिकीट आणायला उठून कचेरीत गेलात.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी तो माणूस पुन्हा आला होता. तुमच्या कानाशी काही बोलला. तुम्ही दोघांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मला कचेरीत नेणं बंद केलंत. आई म्हणाली, मोठी झाली आता, घरीच बरी. मी तेच खरं धरलं. तुम्ही कधी ओरडला नाहीत, काही विचारलं नाहीत, आणि दोन वर्षांनी गेलात. चुलीसमोर शिकवत राहिलात, पण त्यानंतर तुमच्या अर्जाचा कागद माझ्या हातात कधी दिला नाहीत.

अहवालातली जागा मी मोकळी ठेवली आहे. साहेबांना तसंच देईन, आणि विचारलं तर जे होईल ते होईल. हा कागद कुठे पाठवायचा नाही. टाकाच्या पेटीत राहील.

तुम्ही तिकीट आणायला गेलात तेव्हा मला वाटलं, तुम्ही चुकलात. माझं अक्षर तेव्हा हुबेहूब तुमच्यासारखं येत होतं. मी त्या जागेत मेंढक्याचं नाव लिहिलं, बाबा, त्याच्या बापाचं आणि गावाचंही. शाईवर फुंकर घालून वाळवली. त्याचं पुढे काय झालं, ते मी आजपर्यंत कोणाला विचारलं नाही.