पाठ फिरवून उभं राहणं

सर,

तुम्ही गेल्यावर कॉलेजचं रोव्हर-रेंजर पथक, म्हणजे आपलं स्काउट-गाइड, बरीच वर्षं बंद होतं. यंदा ते पुन्हा सुरू झालं आणि माजी विद्यार्थिनी म्हणून रविवारी त्यांच्या भटकंतीला मी जाते. एरवी खालापूरच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करते. तुमचा एक नियम मी जसाच्या तसा ठेवला आहे. त्या दिवसाचा नायक विद्यार्थ्यांमधला. वाट तो ठरवणार. जिवाला धोका नसेल तोवर मोठ्या माणसाने सगळ्यांत मागे चालायचं, गप्प.

गेल्या रविवारी नायक दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. कमी बोलणारी, पहिल्यांदाच पुढे झालेली. वाटेत ओढा लागला. पाणी गुडघ्याच्या खाली. तिने पाणी पाहिलं, मग मागे वळून सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि म्हणाली, "पुलावरून जायचं."

"पुलावरनं? एवढ्या लांबून? मग तसंच भिसेगावला घरी जाऊ ना गं!" एक जण म्हणाला. दुसरा माझ्याकडे वळला. "मॅडम, तुमी सांगा. एवढंसं तर पानी हाय."

मी काहीच सांगितलं नाही. फक्त बुटांच्या नाड्या सोडायला वाकले. मी पाण्याची खोली बघितली होती आणि हात आपोआप खाली गेले.

"चला रं, मॅडम निघाल्या!"

सगळे पाण्यात. एक मुलगी मधेच थिजली, तिला दोघांनी धरून पलीकडे नेलं. तिचा घाबरलेला चेहरा नायकाने अलीकडेच, काठावर पाहिला होता, मी पाहिला नव्हता. कुणाला काही झालं नाही. पलीकडे नायकाने गळ्यातली नायकपदाची शिट्टी माझ्या हातात ठेवली. "तुम्हीच घ्या मॅडम. बरं पडेल."

आमच्यात वाद पेटला की तुम्ही आमच्याकडे पाठ करून झाडं बघत उभे राहायचात. "सरांना पक्षी दिसला," म्हणून आम्ही हसायचो. मी नायक होते तो दिवस आठवतो: कळंबच्या वाटेवरून मी सगळ्यांना मागे फिरवते आहे, मुलं कुरकुरताहेत, आणि मला दिसते ती तुमची पाठ. संध्याकाळी चुलीपाशी तुम्ही विचारलंत, निर्णय कुणाचा? मी म्हटलं, सगळ्यांचा. "सगळ्यांचा नाय गं. तुझा. वाटून टाकू नको." मला राग आला होता. तुम्हाला आमची फिकीर नाही, असं मी धरून चालले होते. तुमचा चेहरा आम्हाला दिसू नये म्हणून तुम्ही वळत होतात, हे परवा ओढ्याकाठी कळलं.

शिट्टी परत देणारी ती मुलगी या रविवारी येईल असं वाटत नाही. तिला फोन करायला हवा, नंबर आहे माझ्याकडे. आधी तुम्हाला लिहायला बसले, कारण तुम्ही उलट काही बोलणार नाही.