उसना वाल्मिक

तिसगाव, ता. पाथर्डी
२३ मार्च

प्रिय हन्ना हिला आक्काचा प्रभूमध्ये सलाम.

तुझा गुडघा कसा आहे? त्या मालिशवाल्याकडे जाऊ नकोस असं मी नाताळात बजावलं होतं, म्हणजे तू जाऊन आली असणारच. साखर तपासलीस का? मिरजगावात सगळ्यांना माझा सलाम सांग. माझी तब्येत ठणठणीत आहे. (नोहाने तुला काही वेगळं सांगितलं असेल, तर ऐक: बाथरूममध्ये मी पडले नव्हते, घसरले होते. पडलेला माणूस आडवा होतो. मी बादलीवर बसले.) पत्र लिहिण्याचं कारण एवढंच, की मी जिंकले.

तू म्हणशील, आक्का या वयात काय जिंकली? सांगते. मी बादलीवर बसल्याला चार महिने झाले, आणि तेव्हापासून माझ्या लेकाने, नोहाने, एकच धोशा लावला होता, की आई, तिसगावच्या घराला कुलूप लाव आणि कायमची पुण्याला चल. मी नाही म्हणायचे, तो परत फोन करायचा. माझं मन रमावं म्हणून त्यानेच मला त्याच्या मित्रांच्या रग्बी लीग स्पर्धेत एक संघ काढून दिला. जानेवारीत मीच त्याला आव्हान दिलं: तुझा संघ माझ्या पुढे राहिला तर मी मुकाट्याने कुलूप लावते, माझा राहिला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. तो आधी पोट धरून हसला आणि मग लगेच कबूल झाला. मी लेखी घेतलं. पस्तीस वर्षं गणित शिकवलंय, तोंडी उत्तर मी चालवून घेत नाही.

आता हा खेळ काय ते ऐक. तेरा-तेरा दांडगे गडी आणि एक लंबगोल चेंडू. तो काखेत धरून पुढे पळायचं, पण हाताने दुसऱ्याला द्यायचा तो मागेच. सहा वेळा आडवं पाडलं की चेंडू समोरच्यांचा. (मी हा खेळ प्रत्यक्ष कधीच पाहिलेला नाही आणि गरजही पडली नाही.) कारण आमच्या स्पर्धेत कोणी पळतच नाही. आपण फक्त संघ निवडायचा. पळणं, पडणं, हातपाय मोडून घेणं हे सगळं संगणक करतो आणि मोबाईलवर निकाल येतो. संघ आठ. सातजण तिशीतले, लॅपटॉपवाले, आठवी मी. खेळाडूंची नावं आपणच ठेवायची असतात. त्या मुलांनी टायगर, रॉकेट असली ठेवली. मी सातवी 'ब'चा जुना हजेरीपट काढला. त्यातला वाल्मिक माझा सगळ्यात भरवशाचा गडी निघाला. (खरा वाल्मिक स्टँडवर पंक्चर काढतो. गणितात कधी पस्तीसच्या वर गेला नाही, पण हे कळल्यापासून दर सोमवारी रस्ता अडवून विचारायचा, "बाई, ह्या आठवड्यात म्या किती गुण मारले?")

फेब्रुवारीत संगणकाने माझे तीन गडी एकाच आठवड्यात जायबंदी केले. नियमांत उसनवारीची सोय आहे: एका संघाने दुसऱ्याला खेळाडू जास्तीत जास्त चार फेऱ्यांसाठी उसना द्यावा. मी नोहाकडे त्याचा टायगर मागितला. (आईला नाही म्हणायची त्याची टाप नव्हती.) टायगरने दोन सामने बरे काढले आणि त्याला परत पाठवायची वेळ आली. आता तूच सांग, शेजारणीचा डबा आपण कधी रिकामा परत केलाय? निदान दोन लिंबं तरी टाकतोच. टायगरला तसाच रिकाम्या हाताने पाठवायला माझं मन धजेना, म्हणून त्याच्याबरोबर मी वाल्मिकला पाठवला. द्यायचं तर चांगलंच द्यावं. पण त्या संगणकात भेट द्यायचं बटणच नाही! दोनच बटणं, विक्री आणि उसनवारी. पोटच्या पोराला काही विकायची मला लाज वाटली. उसनवारी दाबलं, चार फेऱ्या लिहिल्या आणि बोंबील भाजायला घेतले.

काकूंनी आपला सगळ्यात चांगला गडी भेट दिला म्हणून त्या मुलांच्या ग्रुपवर आठ दिवस हसणं चाललं होतं. खरा वाल्मिक मात्र हसला नाही. "बाई, मला इचारलं बी न्हाई आन् पुन्याला देऊन टाकलं?" म्हणाला, आणि दोन दिवस माझ्या स्कूटीत हवा भरली नाही. इकडे उसन्या वाल्मिकने नोहाच्या संघात धुमाकूळ घातला. नोहाने सगळा डाव त्याच्याभोवती रचला आणि लागोपाठ तीन सामने जिंकून अंतिम फेरी गाठली. मीही (कशीबशी) पोचले. समोरासमोर आई आणि लेक, आणि पणाला माझं घर. तुला खरं सांगते हन्ना, त्या आठवड्यात मला घास गोड लागला नाही. स्वयंपाकघरातली एकेक बरणी बघून वाटायचं, हिला कुठे नेऊ?

शुक्रवारी लाल पेन घेऊन नियमावली वाचायला बसले. नियम सातवा: उसना दिलेला गडी आपल्या मूळ संघाविरुद्ध उतरू शकत नाही. नियम आठवा: बाद फेऱ्या सुरू झाल्यावर देवघेव बंद. मी तीनदा वाचलं. मग पाणी प्याले. मग नोहाला फोन करून दोन्ही नियम मोठ्याने वाचून दाखवले, विरामचिन्हांसकट. तो चिडला. म्हणे, वाल्मिक तू मला भेट दिला होतास, अख्ख्या ग्रुपला माहीत आहे! भांडण आदिलकडे गेलं. (नगरचा आदिल, चांदबीचा मुलगा, नोहाचा शाळेपासूनचा मित्र. स्पर्धा तोच चालवतो.) आदिलने नोंद उघडली आणि सांगितलं, की काकूंच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही, नोंदीत उसना आहे, वाल्मिक बाहेर बसेल. यावर नोहाने आरोप केला, की आदिलने नाताळात माझ्या करंज्या खाल्ल्यात. (खाल्ल्यात. चौदा.)

रविवारी उपासना सुटल्यावर मी ओट्यावर मोबाईल घेऊन बसले. वाल्मिक नाही म्हटल्यावर नोहाच्या गड्यांना चेंडू कोणाला द्यावा तेच कळेना. तरी पठ्ठ्यांनी शेवटच्या मिनिटापर्यंत अठरा-अठरा ठेवलं. आणि मग आपल्या सहादेवने (हजेरी क्रमांक एकतीस, वर्गात कायम डुलक्या काढणारा) लांबून लाथ घातली आणि एक गुण मिळवला. एकोणीस-अठरा! मी अशी ओरडले, की समोरचे सत्तारभाई गिऱ्हाईक सोडून धावत आले. त्यांना वाटलं मी परत बादलीवर बसले. संध्याकाळी खरा वाल्मिक तोंड पाडून आला. "फायनलला मलाच बसवलं व्हय?" मी म्हटलं, अरे, तू बसलास म्हणूनच आपण जिंकलो. डोकं खाजवून तो म्हणाला, "मंग पेढे मीच आनतो." आणलेही.

नोहाने शब्द पाळला. फोनवर नुसतं "बरं आई, विषय संपला," म्हणाला. तेव्हा आता तू नातेवाइकांत सगळीकडे कळव, की सत्यशीला तिसगाव सोडणार नाही, आणि तिला तिसगाव सोडायला लावणारा अजून जन्माला यायचाय. (म्हणजे जन्माला आलाय, पण हरलाय.)

तुझी विजयी,
आक्का

ता. क. : येत्या शनिवारी चार कपडे आणि गुडघ्याचं तेल घेऊन इकडे ये. महिनाभर राहायचंय. कोंबड्या सात आहेत, त्यातली काळी चोच मारते. पाण्याची मोटार दहा मिनिटांच्या वर चालवू नकोस. मी घरी नसेन.

ता. क. दुसरा : ओरडू नकोस. मी पुण्याला चाललेय, महिनाभरासाठी. "विषय संपला" म्हणताना नोहाचा आवाज इतका बारीक झाला, की माझ्याने ऐकवलं नाही. याच कारणासाठी येतेय, असं मी त्याला सांगितलंय. तो स्टँडवर घ्यायला येणार आहे.

ता. क. तिसरा : हे मात्र त्याला मी मेल्यावरही सांगू नकोस. पुण्याच्या गाडीचं तिकीट मी सामन्याच्या आदल्या दिवशीच काढून ठेवलं होतं. पोराची फार आठवण येते गं. जायचं तर होतंच. फक्त हरून जायचं नव्हतं.