डोळे आखताना नऊ

पेण,
नागपंचमीचा दुसरा दिवस

चि. हरेश यास भरतदादाचा आशीर्वाद, तू मागितलेला नसला तरी.

आम्ही इकडे सगळे ठीक आहोत, माझा उजवा जबडा सोडून. सौ. करिश्माची कंबर आता कशी आहे? मनस्वी चौथीत गेली असेल (मी मोजत नाही, तुझी संध्यावहिनी मोजते). फोन न करता पत्र लिहितोय, कारण दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मला बोलणं कमी करायला सांगितलंय, आणि तू तीन वर्षं माझा फोन उचलत नाहीस. पत्र गडबचे पोपटकाका हातोहात आणून देतील. त्यांची लेक तिकडे रोह्याजवळ वरसेलाच दिली आहे, तुमच्या मागच्या गल्लीत.

तर जबडा. होळीपासून कानाखाली असा ठणका लागतो की जांभई द्यायची तरी आधी विचार करावा लागतो. मी म्हटलं, दाढ काढून टाका. बाईंनी फोटो काढला, एकेक दाढ ठोकून पाहिली आणि सांगितलं की दाढा ठणठणीत आहेत, तुम्ही दिवसभर दात आवळून असता. माझे दात मी आवळतो आणि मलाच पत्ता नाही, हे ऐकायला मी दीड तास बाकावर बसलो होतो. बरं, औषध काय, तर वही. किती वाजता दुखलं, दहापैकी किती, तेव्हा हातात काय काम होतं आणि मनात काय होतं, हे रोज लिहायचं. पेणात राहून पोह्याचा पापड दुधात बुडवून खाण्याची वेळ आलेल्या माणसाला बाई म्हणतात, लिहा.

पण अंगावर घेतलेलं काम मी टाकत नाही, हे तुला माहीत आहे. कारखान्यातलीच एक आखीव वही घेतली. गणपतीचं धोतर रंगवताना एक. सोंडेला दोन. मुकुटाला तीन (तेव्हा संध्या शेजारी बसून तिच्या भावाशी फोनवर बोलत होती). डोळे आखताना नऊ. 'मनात काय होतं' या रकान्यात मी आठ दिवस 'काही नाही' असं लिहिलं. बाईंनी वही चाळली आणि म्हणाल्या, मनात काहीच नसलेला माणूस माझ्याकडे अजून आलेला नाही, नीट लिहा. मग नीट लिहिलं.

पुढचं सांगायचं नव्हतं, पण ओघात आलंय. पुढच्या खेपेला बाईंनी चष्मा लावून, पानावर बोट ठेवून मोजलं आणि विचारलं, "हे हरेश कोण? तेवीस वेळा आलेत." मी म्हटलं, पूर्वी आमच्या कारखान्यात होते. यावर संध्या खुर्चीतून उठलीच. "धाकला भाऊ हाय यांचा. आधी डोळे तोच आखायचा." घरी येईपर्यंत तिने वही स्वतः पुन्हा मोजून काढली. तिचं नाव वहीत दोनदाच आहे, आणि दोन्ही वेळा चहा थंड होता म्हणून.

मी काही तुझी आठवण काढत बसत नाही. फक्त ब्रश टेकवला की हरेशने भुवई कुठून सुरू केली असती, असं मनात येतं. मग तू चार गिऱ्हाइकांसमोर "दादाचे बाप्पा रागावल्यासारखे दिसतात" म्हणालास ते आठवतं. मग तुझ्यावाचून कारखाना बंद पडत नाही, असं मी म्हणालो ते आठवतं. तोवर दात आवळलेले असतात आणि रेघ ओढून झालेली असते. कारखाना बंद पडलेला नाही. तू रोह्याला कंपनीत शिफ्टला लागलास, त्या वर्षीसुद्धा सगळे गणपती वेळेवर गेले.

मात्र गेल्या मंगळवारी पोपटकाका आपला पाट ठेवायला आले (बाबांच्या वेळेपासून त्यांच्या पाटावर आपलाच गणपती बसतो). आखून झालेल्या मूर्तींपुढे ते बराच वेळ हात जोडून उभे होते. मला वाटलं, भक्ती. मग हळूच म्हणाले, "भरत, बाप्पाची दाढ दुखते काय रं?"

मी वळून पाहिलं. ओळीने बावीस गणपती, सगळ्यांचा उजवा डोळा बारीक आणि भुवई चढलेली. आत जाऊन आरशात पाहिलं, तर तिथे तेविसावा. हरेश, मला रडू आलं. बाबांच्या हातचे गणपती बघून रडणारी पोरं गप्प व्हायची. बाविसांचे डोळे मी त्याच दिवशी पांढऱ्या रंगाने बुजवले. आता ते बिनडोळ्यांचे उभे आहेत आणि चतुर्थी चार आठवड्यांवर आली आहे.

बाकी सर्व क्षेम.

तुझा, (हे लिहिताना तरी) दात न आवळलेला,
भरतदादा

ता. क. लिहिल्याने दुखणं उतरतं, असं बाई म्हणतात. सकाळी जबडा सातवर होता, आत्ता चारवर आहे.

ता. क. कंपनीत रजा मिळते म्हणे. मी बोलावत नाही, कानावर घालतोय. तुझे बारीक ब्रश धुऊन ठेवलेत. दरवर्षीच धुतो, केस कडक होतात म्हणून.

ता. क. घरात कोरा कागद नव्हता म्हणून त्याच वहीची पानं फाडली आहेत. मागची बाजू वाचू नकोस.

ता. क. वाचली असशीलच. मग ये. त्या दिवशी तू खरं तेच बोलला होतास. एवढं लिहायला मला तीन वर्षं आणि अख्खी वही लागली.