दाजी मुलाखतीला गेलेत

प्रिय दाजी,

काल तुमचा दहावा झाला आणि मला कळलं की तुम्ही जेलमध्ये होतात. जेलमध्ये! तुम्ही! कालपासून माझं डोकंच चालत नाहीये. पप्पा माझ्यावर चिडलेत, ते आता काही सांगणार नाहीत. म्हणून तुम्हालाच लिहितेय. इतकी वर्षं लपवलंत कसं हो?

नदीवर सगळे कावळ्याची वाट बघत होते. तेवढ्यात एक अनोळखी माणूस आला आणि एवढा रडला, एवढा रडला, की आपल्या घरातलंही कुणी तसं रडलं नव्हतं. पप्पांनी विचारलं, "पाव्हणं, कुठलं तुमी? वळखलं न्हाई."

"मी शंकर. दाजींचा आतला."

"आतला म्हंजी?"

"जेलातला, भाऊ. एका बराकीत व्हतो आमी."

मला वाटलं, पप्पा आता त्याला हाकलून देतील. तर ते मान खाली घालून म्हणाले, "बसा. जेवून जावा." म्हणजे पप्पांना माहीत होतं! सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून!

दाजी, तुम्ही महिन्यातून एकदा एसटीनं पुण्याला जायचात. विचारलं की आत्या म्हणायची, "मुलाखतीला गेलेत." आमच्या इंग्लिश मीडियमात मुलाखत म्हणजे इंटरव्ह्यू, विषय संपला. मला वाटायचं, बिचारे दाजी! मोटर रिवायंडिंगचं चांगलं दुकान आहे, तरी नोकरीसाठी दर महिन्याला इंटरव्ह्यू देतात आणि दर महिन्याला नापास होतात! मी तुम्हाला "टेल मी अबाउट युवरसेल्फ"चं उत्तर पाठ करून घेत होते, आठवतंय? तुम्ही पोट धरून हसलात. "मॅडम, तिथं मला कोन काय इचारत न्हाई. मीच इचारतो, बरा हाईस का म्हणून." तरी माझी ट्यूब पेटली नाही! आतल्या माणसाला भेटायला जातात त्यालाही मुलाखतच म्हणतात, हे मला एकानं तरी सांगायचं ना!

घरी आल्यावर मी पप्पांना सोडलंच नाही. शेवटी बोलले. मी पाळण्यात होते तेव्हा. पलीकडच्या गावात एकाला कुणीतरी मळ्यात मारलं. जीव जायच्या आधी तो एवढंच बोलला, "दाजीनं मारलं." पोलीस आपल्या वाडीत आले, "इथं दाजी कोण?" आणि तुम्ही तर अख्ख्या वाडीचे जावई! आत्याच्या माहेरी राहायला आलात, तेव्हापासून पप्पांचं ऐकून लहानथोर सगळे तुम्हाला दाजीच म्हणतात. मीपण तेच म्हणत आले, नातं न बघता. पप्पांनीच तुम्हाला हाक मारली. "दाजी, जरा भाईर या, साहेब आलेत." तुम्ही हात पुसत बाहेर आलात आणि म्हणालात, "हां, मीच दाजी."

बस्स? एवढ्यावर? अहो, दाजी म्हणजे बहिणीचा नवरा! त्या मेलेल्या माणसाला स्वतःची बहीण होती, तिला नवरा होता. प्रत्येक घरात एक दाजी असतो! एवढं साधं कोर्टाला पटून तुम्ही निर्दोष सुटायला वर्षं जावीत? तोवर तुमची आई गेली. तुम्हाला तिचं तोंडही बघायला मिळालं नाही.

"सुटून आल्यावं मी त्यांना नावानं हाक माराया लागलो," पप्पा म्हणाले. "'दाजी' म्हनाया माझी जीभच वळंना. तर मलाच म्हनले, आवो, नातं हाय ते, गुन्हा न्हाई. दाजीच म्हना."

तुम्हाला गणपतीचा राग नाही आला? मला आलाय. आत्ता, इथं बसून! आपण ओझरला जायचो, तेव्हा तुम्ही डोळे मिटून एवढा वेळ काय बोलायचात त्याच्याशी? भांडायचात तरी का?

शंकरकाका जेवताना सांगत होते, "दिस मावळायच्या आत बराक बंद व्हायची. पयल्या संकष्टीला म्या दाजींची लई टिंगल केली. म्हनलं, ओ गणपतीवालं, चंद्र कुटाय? आता सोडा उपास! तर म्हनले, उगवला आसंल की. आपल्याला दिसंना म्हनून त्यो उगवायचा राहतो व्हय? आन झाकल्यालं ताट उघडून मला म्हनले, या. त्या दिशी माझ्या डोक्यात लई वंगाळ चाललं व्हतं, पोरी. मीबी घास घेतला."

तुम्ही सुटल्यावर परत तिथंच जात राहिलात, दाजी! मी असते तर त्या रस्त्यानं एसटीतूनही गेले नसते.

निघताना शंकरकाका म्हणाले, "किसन आजून आत हाय. त्याला दाजींशिवाय कुनी न्हाई. दाजी गेल्यालं त्याला ठावंच न्हाई. शनवारी मुलाखतीचा दिस, वाट बघत बसंल. पर माझं पाय त्या गेटाकडं वळत न्हाईत."

मी विचारलं, "त्यानं खरंच काही केलंय का?"

"दाजींनी कदी इचारलं न्हाई. मंग आपुन कशाला?"

मी म्हटलं, मी जाते. पप्पा ओरडलेच, "खुळी झाली का तू? जेल काय कॉलेज हाय?" माझंही तोंड सुटलं. मग आत्या, जी दहा दिवस धड बोलली नव्हती, आतून म्हणाली, "जाऊ दे तिला."

आणि मला जवळ बसवून हळूच सांगायला लागली, "खाऊन जा. लई उभं ऱ्हावं लागतं. मधी जाळी आसती, समदी एकदम बोलत्यात, मोठ्यानं बोल. आन रडू नगंस. आपुन रडून येतो, पर त्येंची रात जात न्हाई."

दाजी, हे आत्याला कसं माहीत, ते मला दोन मिनिटांनी कळलं. ती त्या जाळीपुढं उभी राहिली होती!

तर शनिवारी मी जातेय. आत्याला घेऊन. त्या सगळ्या आवाजांमध्ये "दाजी गेले" हे ओरडून सांगायचंय मला, आणि तेही न रडता. मला ते जमेल की नाही, खरंच माहीत नाही. पण किसनला ते माझ्याच तोंडून कळेल. आणि पुढच्या महिन्यात मी परत जाईन, त्याच्या पुढच्याही, तो बाहेर येईपर्यंत. शब्द देते.

तुमचीच मॅडम,
स्नेहल